एका रेकॉर्डसाठी घडलेला मी

मी एक रेकॉर्ड प्लेअर. दुकानाच्या काचेत मी कधी बसलो नाही, माझ्यावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, आणि माझ्यासारखा दुसरा कुठं असेल असं मला वाटत नाही. जयपूरच्या एका रेल्वे क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगात मकराण्याचा संगमरवर आहे, पितळ आहे, स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं रबर आहे आणि टीव्हीच्या अँटेनाची नळी आहे. हे ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारीपाजारीही हसले होते.

मला घडवलं सुखदेव रामटेके यांनी. मूळचे नागपूरकडचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी. बदली झाली आणि बायको रत्नमाला, मुलगी आनंदी आणि सासूबाई द्वारकाबाई यांना घेऊन ते जयपूरला आले. बनी पार्कच्या पलीकडे, रुळांना लागूनच त्यांचं क्वार्टर होतं. मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजायची.

हातानं काहीतरी जोडत बसायची सुखदेवांना आवडच होती. पण माझा जन्म त्या आवडीतून झाला नाही. मी झालो तो एका रेकॉर्डमुळे.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत रत्नमालाबाईंचा भाऊ उत्तम नागपूरहून आला. येताना त्यानं सतरंजीत गुंडाळून एक काळी, जाड रेकॉर्ड आणली. एका नातेवाइकाच्या जुन्या पेटीत ती सापडली होती. वरचा कागद पिवळा पडलेला, पण नाव वाचता येत होतं: नागनाथ शाहीर आणि मंडळी.

नागनाथ शाहीर म्हणजे रत्नमालाबाईंचे वडील. जलसा घेऊन ते विदर्भात गावोगाव हिंडायचे. शिकायला चला, ताठ मानेनं जगा, असं गाण्यातून सांगायचे. रत्नमालाबाई प्राथमिक शाळेत असतानाच ते वारले.

रेकॉर्ड मांडीवर घेऊन रत्नमालाबाई म्हणाल्या, "मला बाबांचा चेहरा आठवते. फेटा आठवते. आवाज मात्र आठवतच नाही. किती आठवून पाहिला."

द्वारकाबाई तिथंच होत्या. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, कडेवरून एकदा बोट फिरवलं, परत दिली आणि मटार सोलायला निघून गेल्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आजीचा नवऱ्यावर राग आहे. तो जलशात महिनोन्‌महिने फिरायचा आणि ही इकडे विड्या वळून लेकरं वाढवायची. त्याच्या गाण्याचा विषय तिच्यासमोर कोणी काढत नसे.

आता रेकॉर्ड ऐकायची कशी? सुखदेव ती घेऊन राजा पार्कच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं ती हातातसुद्धा घेतली नाही. "बाबूजी, ये पुरानी वाली अब किसी नई मशीन पे नहीं चलेगी. इसकी स्पीड ही अलग है." एका सहकाऱ्याकडे किल्लीचा ग्रामोफोन होता. पण त्याची लोखंडी सुई रेकॉर्डवर नांगरासारखी चालायची, आणि या रेकॉर्डला तर कडेपासून आत केसाएवढी चीर गेलेली.

रत्नमालाबाई म्हणाल्या, "नाही. त्या सुईखाली मी नाही देणार. ऐकली नाही तरी चालेल."

तेव्हा सुखदेव म्हणाले, "मग आपणच बनवू."

हे वाक्य ते चहा पिता पिता इतक्या सहज बोलले, की मी त्यात आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका मोडक्या टेपची मोटर आणून त्यांनी मला आधी फळीवर उभं केलं. त्या अवतारात मी अगदीच कुचकामी होतो. मोटर थरथरली की फळी थरथरायची, आणि यार्डात डबे एकमेकांना जोडले की सुई उडून भलतीकडेच पडायची. सुखदेव कपाळाला हात लावून बसायचे. मग एक दिवस उठले आणि म्हणाले, "याला वजन पाहिजे. जमिनीला धरून बसणारं वजन."

जयपूरला दगडाची काय कमी! मूर्तिकारांच्या गल्लीत त्यांना संगमरवराची एक जाड लादी मिळाली. मधून करडी शीर गेली होती म्हणून मूर्तीच्या कामातून ती बाद झाली होती. भोकं पाडता पाडता कारागिरानं विचारलं, "बाबूजी, इस पर कौन से भगवान बैठेंगे?"

"भगवान नहीं," सुखदेव म्हणाले, "मेरे ससुरजी."

कारागिरानं लादीच्या कडासुद्धा घासून गोल करून दिल्या.

माझी थाळी पितळेची. ठठेऱ्यानं, म्हणजे तिथल्या तांबटानं, ओतली, खराद्यानं लेथवर फिरवून सारखी केली. ती जड आहे. एकदा फिरायला लागली की सहजी थांबत नाही. जोहरी बाजारामागच्या गल्लीत खडे घासणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी अकीकाच्या तुकड्यात बारीकशी वाटी कोरून दिली. त्या वाटीत पोलादी गोळी, आणि गोळीवर थाळीचा सगळा भार. फिरताना माझा आवाज येत नाही, तो या खड्यामुळे.

मोटरपासून थाळीपर्यंत ओढ न्यायला आधी सुती दोरा लावून पाहिला, तो घसरायचा. शेवटी सुखदेवांनी आपल्याच स्कूटरची पंक्चर झालेली ट्यूब कापून तिचं कडं चढवलं. सुई धरणाऱ्या दांडीसाठी गच्चीवरच्या अँटेनाची एक नळी गेली. त्या रविवारी सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या.

आनंदी वैतागली. "पप्पा, ये तो हद है! मतलब, आजोबांसाठी आपण टीव्हीच बघायचा नाही?"

आनंदी जयपुरातच वाढत होती. आईबापाशी मराठीत सुरुवात करायची आणि वाक्य हिंदीत संपवायची.

सुई मिळाली ती एका भंगारातल्या रेडिओग्राममधून. जुन्या रेकॉर्डच्या रुंद खाचेत नीट बसणारी, आणि अंगानं हलकी. दांडीच्या मागच्या टोकाला तराजूचं एक लहान माप बांधलं आणि सुखदेव ते पुढं-मागं सरकवत राहिले, सुईचा भार रेकॉर्डवर फुंकरीएवढा राहीपर्यंत. शेवटी वेग कमी-जास्त करायची एक कळ बसवली. माझी तार घरच्या रेडिओच्या पाठीत खोचली. मी तयार झालो.

थंडी सरत आली होती. रविवारची सकाळ. व्हरांड्यात ऊन आलेलं. माझ्यासमोर सतरंजी अंथरली गेली. रत्नमालाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, हे सुखदेवांनी पाहिलं की नाही कोण जाणे, मी पाहिलं. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या.

सुई टेकली. खरखर झाली. ढोलकी आली. आणि मग आवाज.

काय सांगू? बारीक, घाईघाईचा, चिरका आवाज. मागं त्याला साथ देणारा आणखी एक, लहान पोराचा असावा तसा. आनंदीला फसकन हसू आलं आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. रत्नमालाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची वाट पाहणं हळूहळू पुसलं गेलं.

"हे बाबा आहेत?" त्यांनी विचारलं.

सुखदेव गडबडले. वेग तपासायची पट्ट्यापट्ट्यांची चकती त्यांच्याकडे होती. वेग बरोबर असला की ट्यूबलाइटच्या उजेडात ते पट्टे जागच्या जागी उभे दिसतात. त्यांनी मला आत नेऊन चकती ठेवून पाहिली. पट्टे हललेसुद्धा नाहीत. "रत्ना, वेग बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

"असेल हो. बंद करा आता."

त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की काम चोख करूनही आपण एखाद्याला रडवू शकतो.

पुढचे कितीतरी दिवस सुखदेव ऑफिसातून आले की मला उलटा करून बसायचे. मोटर बदलून पाहिली, रबराचं कडं बदललं. आवाज तसाच. रत्नमालाबाई व्हरांड्यात यायच्याच नाहीत. कपडे वाळत घालायलाही पुढच्या दारानं फिरून जायच्या.

एका सुट्टीच्या दुपारी सुखदेव असेच बसले होते. रेकॉर्ड फिरत होती. मागून द्वारकाबाई आल्या आणि उभ्या राहिल्या.

"बापू, ते थोडं हळू करता येते का?"

"माय, वेग बरोबर आहे हो. मी चकती लावून पाहिली."

"असन बरोबर. पण ते असे नव्हते गात. घाई नव्हती त्यायले." द्वारकाबाई हळूच खाली बसल्या. "रेकॉर्ड भरली त्या दिवशी बंबईत ती मशीनच बिघडून राहिली होती, हळू फिरे. सायेब सारखा मशीनवाल्यावर ओरडे."

सुखदेवांनी मान वर केली. "तुम्हाला काय माहीत, माय?"

त्यांनी नुसतं कळीकडे बोट केलं. "फिरवा."

सुखदेवांनी कळ फिरवली. माझी चाल मंदावली. गाणारा आवाज थोडा खाली उतरला.

"अजून."

आवाज रुंद झाला.

"अजून थोडं... लय नको. हां. आता थांबा."

आणि तिथं, त्या जागी, घशातून नव्हे तर छातीतून गाणारा एक माणूस माझ्यावर उभा राहिला. भरदार, दमदार, कुठंही घाई नसलेला.

घे पाटी हाती, टाक गोवरी,
चाल गं लेकी, शाळेच्या दारी...

स्वयंपाकघरातून रत्नमालाबाई धावत आल्या. हात पिठानं भरलेले. त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या, आणि चौकटीवर त्यांच्या पाचही बोटांचं पीठ उमटलं. आनंदीही अभ्यास टाकून येऊन उभी राहिली.

आता मागची साथही नीट ऐकू येत होती. ते पोर नव्हतंच. ती बाई होती. मोकळ्या, खणखणीत गळ्याची तरुण बाई. शाहिरांची ओळ संपली की ती उचलायची: चाल गं लेकी, चाल.

"आजी, ये कौन है? मतलब, मागे ही कोण गाते?" आनंदीनं विचारलं.

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "मी."

गाणं संपलं. सुई शेवटच्या खाचेत गोल गोल फिरत राहिली. ती उचलायचं भान कोणाला राहिलं नाही.

"माय," रत्नमालाबाई म्हणाल्या, "तू गायची? तू कधी सांगितलं नाही!"

"कोणी इचारलं? कागदावर त्यायचंच नाव. मंग ते गेले. तुम्ही लेकरं लहान. विड्या वळू का गाणे म्हणू?"

"मला वाटायचं, तुझा बाबांवर राग आहे."

"आहे ना. अजून आहे." द्वारकाबाई हसल्या. माझा जन्म झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "राग असला तरी गाता येते बाई. उलट बरं गाता येते."

सुखदेवांनी कळीच्या त्या जागेवर लाल रंगाचा ठिपका दिला. त्यांची चकती काहीही सांगो, शाहिरांचा वेग तो.

त्यानंतरचे दिवस आठवले की माझं पितळ अजून ऊबदार होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की मला लावायचे. मी इतर रेकॉर्डही वाजवायचो, पण घर थांबायचं ते त्या एका गाण्याला. द्वारकाबाई आधी नुसत्या ओठ हलवायच्या. मग गुणगुणू लागल्या. म्हातारा गळा आणि रेकॉर्डमधला तरुण गळा एकत्र लागायचे, आणि कधीकधी म्हातारा गळाच पुढं जायचा. शेजारच्या गुर्जर काकी कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "अम्माजी, आज गाना नहीं लगा?" त्यांना मराठीचा एक शब्द कळत नसे, पण "चाल गं लेकी" एवढं त्या सुरात म्हणायच्या.

पुढच्या वर्षीची चौदा एप्रिलची जयंती मी कधीच विसरणार नाही. जयपुरात रेल्वेत असलेली आपली मराठी कुटुंबं त्या संध्याकाळी रामटेक्यांच्या अंगणात जमली होती. मला आतून उचलून चौरंगावर ठेवलं. दिव्यांच्या माळा, गुलाबी सरबत, पोरांची पळापळ. सुखदेवांनी सांगितलं, आता नागनाथ शाहिरांचं गाणं ऐका. पोरंसुद्धा पुढं येऊन बसली. सुई टेकली. शाहीर रंगात आले.

आणि वीज गेली.

अंगण एकदम काळोखं. रेडिओ गप्प. पण माझी थाळी वजनदार. ती तिच्या भारानं फिरतच राहिली, आणि सुईच्या टोकातून, कसल्याही यंत्राच्या मदतीशिवाय, डासाच्या गुणगुणण्याएवढं बारीक गाणं येत राहिलं. पुढं बसलेल्यांनाच ते ऐकू आलं असेल. मी मंदावत गेलो. शाहिरांचा आवाज खोल, खोल गेला आणि विझला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. भर सभेत मी त्यांना अर्ध्यावर सोडलं होतं.

काळोखात कोणीतरी ती ओळ उचलली. द्वारकाबाई. जिथं शाहीर थांबले तिथूनच, त्याच वेगात. रेकॉर्डवरचं गाणं त्यांनी संपवलं आणि त्या थांबल्या नाहीत. मला ठाऊक नसलेलं एक कडवं त्यांनी सुरू केलं:

वाटेचा काटा काढीन मी,
उन्हाची सावली धरीन मी,
मागं वळून तू बघू नको गं,
दारात उभी राहीन मी...

बायका "चाल गं लेकी, चाल" म्हणत साथ देऊ लागल्या. मग पुरुष. मग कंदील आले.

गाणं संपल्यावर रत्नमालाबाईंनी विचारलं, "माय, हे कडवं रेकॉर्डात नाही."

"ते माझं कडवं. म्या केलं होतं. सायेब म्हणे, रेकॉर्डात जागा नाही, एक कडवं काढा. तुझ्या बाबानं माझंच काढलं." मग त्या म्हणाल्या, "गाडीत परत येताना रडले होते मंग. म्हणे, द्वारके, चुकलं माझं."

इतके दिवस मी स्वतःला पूर्ण समजत होतो. त्या संध्याकाळी कळलं, की माझ्याकडे गाण्याचा फक्त एक भाग होता.

मग घरात टेपरेकॉर्डर आला. आनंदीनं हट्टानं आणलेला, लहानसा, चकचकीत. खरं सांगतो, मला तो आवडला नाही. त्याला दगड नको, पितळ नको, वजनाची जुळवाजुळव नको. बटण दाबलं की झालं. आनंदी त्याला आजीच्या खाटेपाशी घेऊन बसायची. मला लावणं कमी झालं. माझ्यावर आधी कापड आलं, मग कापडावर इस्त्रीचे कपडे आले.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात द्वारकाबाई गेल्या. आजारपण फार नव्हतं. खोकला धरला आणि गेल्या. घर कितीतरी दिवस मुकं होतं. मला वाटत होतं, कोणीतरी येईल, माझ्यावरचे कपडे उचलेल, मी त्यांना आजीचा आवाज ऐकवीन. त्या घरात आवाज सांभाळणारा मीच, असा माझा समज.

पण आनंदीनं टेप लावला. त्यातून आजीचा म्हातारा आवाज आला. काढून टाकलेलं कडवं, आणि त्यामागून कधी न ऐकलेली आणखी कितीतरी गाणी. मध्येच खोकला. मध्येच "अवं पोरी, शेंगदाणे जळून राहिले, पाय जरा." रत्नमालाबाई त्यावर हसल्या आणि मग लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मी बाजूला उभा होतो. माझा हेवा त्या दिवशी गेला. मी वाजवू शकतो. साठवून ठेवणं मला येत नाही. त्या चकचकीत पोरानं ते केलं होतं.

आता सुखदेवांची नागपूरला बदली झाली आहे. सामान बांधताना एका माणसानं सुचवलं, दगड इथंच सोडा, तिकडे दुसरा मिळेल. रत्नमालाबाईंनी ऐकून घेतलं आणि आतून जाड जयपुरी रजई आणली. "आमच्या डब्यातच घेऊन जायचं. सगळंच. यातलं काही वेगळं नाही करायचं." सुखदेवांनी रेकॉर्ड लोकरीच्या जाड नमद्याच्या दोन थरांमध्ये घालून माझ्याच थाळीवर बांधली, वर रजई लपेटली आणि खोक्यात ठेवली.

मी सध्या जयपूर स्टेशनच्या फलाटावर आहे. आनंदी इथंच राहणार. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, होस्टेलवर जागाही मिळाली आहे. खोक्याच्या फटीतून मला ती दिसत नाही, पण ऐकू येते. रत्नमालाबाई तिला सांगताहेत, जेवण वेळेवर कर, दूध पी, एकटी फिरू नको. एरवी ती "हां मम्मी, हां" म्हणाली असती. आज ती म्हणाली, "हो आई. करीन. तू रडू नको ना." सगळं वाक्य मराठीत. रत्नमालाबाईंच्या बांगड्या वाजल्या; बहुतेक त्यांनी तिला जवळ घेतलं असावं. सुखदेव उगाचच माझ्या खोक्याची गाठ पुन्हा घट्ट करताहेत.

जयपूर, येतो मी. तुझा दगड घेऊन चाललोय, रागावू नकोस.

गाडी लागली. हमालदादा वाकले आहेत, गमछ्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवताहेत. दादा, मी जड आहे, मला माहीत आहे. तोंडातल्या तोंडात मला शिव्या द्या, चालेल. पण आडवा करू नका, आणि बाकाखाली ठेवताना जरा हळू टेकवा. आत नवरा-बायको आहेत.